महानगरातील तरुणीची मौज आणि मराठी वाङ्मय

१

मराठी घरातून बाहेर पडणारी व्यक्ती ‘जाते’ असे म्हणत नाही. ‘येते’ असे म्हणते. उंबरठ्यावर जाण्याचा उच्चार अशुभ, म्हणून निघतानाच परतण्याचे आश्वासन द्यावयाचे, असा हा शिष्टाचार आहे. निघालेल्याला ‘कुठे?’ म्हणून विचारू नये, असाही एक संकेत जुन्या घरांतून पाळला जाई. विचारल्याने कार्यात विघ्न येते, अशी समजूत होती. परंतु हा दुसरा संकेत घरातील तरुण मुलीच्या बाबतीत फारसा पाळला गेलेला दिसत नाही. तिला ‘कुठे?’ हे तर विचारले जातेच, शिवाय ‘कशाला?’, ‘कोणाबरोबर?’ आणि ‘किती वाजता परत?’ हे आणखी तीन प्रश्न तिच्या वाट्याला येतात. शिकवणी, कचेरी, ग्रंथालय, मैत्रिणीचा वाढदिवस ही उत्तरे चालतात. ‘सहज’ हे उत्तर चालत नाही. तिच्या भावाने तेच उत्तर दिले तर ते ऐकूनही घेतले जात नाही, इतके ते स्वाभाविक मानले जाते.

मोठ्या शहरातील तरुणीचे फिरणे, मैत्रिणींबरोबर वेळ घालवणे, एखाद्या तरुणाला ठरवून भेटणे, म्हणजे ज्याला हल्ली सर्रास ‘डेट’ म्हणतात ते, आणि एकंदर रोजच्या जगण्यातील तिची लहानसहान मौज, हा विषय वाङ्मयचर्चेच्या गंभीर पानांवर काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. तो हलका का वाटतो, याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शहराने तरुणीला रस्ता दिला, पण कारणाच्या अटीवर दिला; आणि आपल्या वाङ्मयानेही तिला घराबाहेर काढताना बहुधा तीच अट घातली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तिचे बाहेर पडणे हे पतनाकडे, प्रेमाकडे किंवा मुक्तीकडे नेणारे असावे, अशी अपेक्षा कथाकाराने ठेवली आणि समीक्षकानेही ठेवली. ज्या संध्याकाळीतून काहीच निष्पन्न होत नाही, अशी सुखाची संध्याकाळ मात्र वाङ्मयात फार थोड्या वेळा आली.

२

प्रथम भाषेचीच साक्ष काढू. हिंडणे, फिरणे, भटकणे, उनाडणे, उंडारणे अशी क्रियापदांची मोठी संपत्ती मराठीजवळ आहे. यांपैकी ‘भटक्या’ हे विशेषण डोंगर-किल्ले पालथे घालणारा पुरुष स्वतःला कौतुकाने लावून घेतो. ‘उनाड’ मुलाबद्दल बोलताना रागापेक्षा लाडच अधिक असतो. तोच अर्थ स्त्रीकडे वळला की शब्दांचा रंग बदलतो. हिंडणाऱ्या मुलीसाठी घराघरात राखून ठेवलेला शब्द म्हणजे ‘भटकभवानी’. देवीचे नावच येथे निर्भर्त्सनेच्या कामी आले आहे. ‘उंडगी’ हा शब्द त्याहूनही कठोर. ‘बाहेरख्याली’ या शब्दात तर घराच्या बाहेर ओढा असणे हेच दुर्वर्तनाचे लक्षण ठरले आहे. हिंडण्याची आवड असलेल्या स्त्रीला निंदा न करता नुसते ओळखता येईल, असा एकही जुना रूढ शब्द चटकन आठवत नाही.

सुखाच्या शब्दांचीही अशीच वाटणी झालेली आहे. ‘हौस’ आणि ‘चैन’ हे दोन शब्द पाहावेत. हौस ‘पुरवली’ जाते. म्हणजे ती पुरवणारा दुसरा कोणीतरी असतो, बाप, भाऊ, नवरा किंवा सासर. चैन मात्र ‘केली’ जाते. तिची कर्ती आणि भोक्ती एकच. पहिल्या शब्दाला समाजाची संमती आहे, दुसऱ्यामागे उधळपट्टीचा संशय उभा असतो. स्त्रियांच्या आनंदाला आपल्या परंपरेत स्थान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंगळागौरीची जागरणे, भोंडला, नागपंचमीचे झोके, झिम्मा-फुगड्या यांत अंग मोकळे करून हसण्या-खेळण्याची सोय होती, आणि ती मोठ्या रसिकतेने केलेली होती. परंतु हा आनंद पंचांगाने बांधलेला होता. त्याला तिथी होती, व्रत होते, अंगण होते. महानगरातील तरुणी ज्या आनंदाची अपेक्षा करते त्याला तिथी नाही. तो कोणत्याही मंगळवारी, कचेरी सुटल्यावर, मनात आले म्हणून घ्यावयाचा असतो. हा फरक लहान दिसला तरी मूलगामी आहे.

‘डेट’ या परकी शब्दाला मराठी पर्याय रुजला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मूळ शब्दाचा एक अर्थ तारीख. पण मराठीत ‘तारीख पडते’ ती न्यायालयात. जुन्या काव्यपरंपरेत ‘संकेत’ आणि ‘अभिसार’ हे सुंदर शब्द होते, परंतु उपाहारगृहात समोरासमोर बसून एकमेकांची ओळख करून घेणाऱ्या दोघांना ते पेलत नाहीत. अभिसार हा ठरलेल्या प्रियकराकडे होतो. डेटला गेलेली तरुणी समोरचा आपला प्रियकर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी गेलेली असते, आणि नाही असे ठरवून परत येण्याचा तिला अधिकार असतो. हा अधिकार हेच या नव्या प्रथेचे सार होय. तिच्यातील चहा आणि चित्रपट हे केवळ निमित्त.

३

असे असले तरी स्त्रीचे बाहेर पडणे आपल्या वाङ्मयाला नवीन नाही. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या अष्टनायिकांपैकी अभिसारिका ही घर सोडून निघते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातील मुक्तकांची रचना. तिच्यात गोदेच्या काठचे वेत, शेते, ओस पडलेली देवळे ही संकेतस्थाने वारंवार येतात. तेथील स्त्रिया चतुर आहेत, बहाणे शोधण्यात वाकबगार आहेत. त्या पाण्याला जातात, शेत राखायला जातात, फुले वेचायला जातात. बहाणा हा या काव्याच्या सौंदर्याचाच भाग झाला आहे. तरी मुद्दा उरतोच, की या स्त्रीला बाहेर पडण्यासाठी दोन कारणे लागतात: एक जगाला सांगण्याचे, दुसरे मनात ठेवण्याचे. निव्वळ नदी पाहायला ती जात नाही.

संतांच्या वाङ्मयात जनाबाईने लोकलज्जेची पर्वा न करता भर बाजारातून जाण्याची भाषा केली. मराठी स्त्रीच्या तोंडचा तो फार धीट उद्गार आहे. तथापि तेथेही चालण्याला एक अधिष्ठान आहे, आणि ते विठ्ठलाचे आहे. वारीने असंख्य स्त्रियांना घराबाहेरचा रस्ता दाखवला, तो याच अधिष्ठानाच्या आधारावर.

एकोणिसाव्या शतकात ईश्वराची जागा शिक्षणाने घेतली. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, जे भाषण केले, त्यात रस्त्याने जाताना लोक भोवती जमतात, हसतात, खडे मारतात, हा अनुभव त्यांनी सांगितला आहे. आपण परदेशी का जात आहोत याचे समर्थन त्यांना जाहीर सभेत करावे लागले. शिकण्यासाठी निघालेल्या स्त्रीची ही अवस्था, तर सहज निघालेल्या स्त्रीचा प्रश्न त्या काळी उद्भवलाच नाही, यात नवल नाही. तथापि सुधारकांनीही स्त्रीच्या घराबाहेर पडण्याचे समर्थन सदैव उपयुक्ततेच्या पायावर केले: ती शिकेल, कुटुंब सुधारेल, समाज सुधारेल. हे समर्थन आवश्यक होते. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की स्त्रीचे स्वातंत्र्य आणि तिची उपयुक्तता यांची सांगड कायमची बसली, आणि निरुपयोगी वेळ मागण्याचा प्रश्न मागेच राहून गेला.

४

मुंबईने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. कसे, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण महानगरातील मौज ही मनोवृत्तीपेक्षा व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते.

पहिली व्यवस्था आगगाडीची. उपनगरी गाड्यांतील स्त्रियांचा राखीव डबा हा मुंबईच्या स्त्रीजीवनातील अंगणच होय. त्यात भाजी निवडली जाते, वाढदिवस साजरे होतात, भजने म्हटली जातात, दसऱ्याला डब्याला तोरण लागते. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सुरू झाली. घर आणि कचेरी या दोन कर्तव्यांच्या मधला तास-दीड तास हा कोणाच्याच मालकीचा नसतो. तो मुंबईच्या स्त्रीने आपल्या मालकीचा करून टाकला. दुसरी व्यवस्था गर्दीची. लहान गावात मुलगी रस्त्यावर दिसली की ती कोणाची, हे प्रत्येकाला माहीत असते. मुंबईच्या गर्दीत ती कोणाचीच नसते, आणि हे अनोळखीपण तिला वस्त्रासारखे उपयोगी पडते. मरीन ड्राइव्हच्या सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या कठड्यावर संध्याकाळी बसलेली जोडपी पाहावीत. त्यांचे तोंड समुद्राकडे आणि पाठ शहराकडे असते. ज्या शहरात खोलीत एकान्त मिळत नाही, तेथे तो पाठ फिरवून मिळवावा लागतो. पुण्यात दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळून जाणाऱ्या तरुणी धुळीपासून आणि उन्हापासून चेहरा जपतात, हे खरेच. पण ओळखीच्या नजरेपासूनही तो जपला जातो, हे त्यांनाही ठाऊक असते.

तिसरी व्यवस्था उपाहारगृहांची. इराण्यांच्या आणि उडप्यांच्या उपाहारगृहांत ‘फॅमिली रूम’ या नावाने पडद्याआडची किंवा फळकुटाआडची जागा असे. कुटुंबासाठी म्हणून राखलेली ही जागा अनेकदा अद्याप कुटुंब न झालेल्या दोघांनी वापरली. जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे १९६४ साली सुरू झालेले आणि २०१५ साली बंद झालेले लहानसे उपाहारगृह याहून वेगळ्या जातीचे होते. तेथे तरुणी एका चहावर बराच वेळ एकटी बसू शकत असे. अशी जागा बंद होते तेव्हा शहरातील एक सवलतच नाहीशी होते.

चौथी व्यवस्था पैशाची. स्वतःच्या पगारातून चहाचे पैसे देणे, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुणांनी यासाठी ‘तुझे तू, माझे मी’ ही मोठी मार्मिक शब्दयोजना केली, आणि तिची आद्याक्षरे घेऊन ‘टीटीएमएम’ असा शब्दही बनवला. ज्याचे पैसे त्याचा हक्क, या जुन्या हिशेबातून सुटण्याची ही साधी युक्ती आहे. हौस आणि चैन यांच्यातील जो भेद वर सांगितला, तो येथे व्यवहारात पुसला जातो.

या सर्व व्यवस्थांना मर्यादा घालणारी एक व्यवस्था घड्याळाची. ‘सातच्या आत घरात’ हा मराठी घरातील दंडक इतका परिचित आहे, की २००४ साली त्या नावाचा मराठी चित्रपट आला तेव्हा नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. दिल्लीत २०१५ साली विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली, ती वसतिगृहांच्या याच घड्याळाविरुद्ध. याखेरीज काही मर्यादा अगदी रोकड्या आहेत. शहरात स्त्रियांसाठी स्वच्छ आणि विनामूल्य मुतारी नसेल, तर तिच्या फिरण्याची लांबी तिच्या इच्छेने नव्हे, तर शरीराने ठरते. मुंबईत २०११ साली याच मागणीसाठी स्त्रियांनी चळवळ उभारली. कायद्याचीही एक छाया आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील सार्वजनिक असभ्य वर्तनाचे कलम ११० शहरातील जोडप्यांना चांगले परिचयाचे आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतील मढ-आक्सा परिसरात हॉटेलांच्या खोल्यांतून प्रौढ जोडप्यांना बाहेर काढले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला.

त्याच २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचे ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सार्वजनिक जागेत वावरताना स्त्रीला आपण काहीतरी कामासाठी येथे आहोत, असा देखावा सतत करावा लागतो, हे त्यांचे निरीक्षण आहे. पिशवी, पुस्तक, कानाला लावलेला दूरध्वनी ही त्या देखाव्याची साधने. म्हणून सुरक्षिततेपेक्षाही निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क मागावा, असे त्यांनी सुचवले. गाथासप्तशतीतील बहाणा दोन हजार वर्षांनी मरीन ड्राइव्हवर कसा जिवंत आहे, हे या निरीक्षणावरून ध्यानी येते.

५

आता वाङ्मयाकडे वळू. महानगरी तरुणीच्या बाहेर पडण्याचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत: पुरुषाबरोबर, मैत्रिणींबरोबर आणि एकटीने. या तिन्हींना वाङ्मयाने सारखा न्याय दिलेला नाही.

पहिला प्रकार अर्थातच सर्वांत विपुल आहे. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित नायिका महाविद्यालयात जातात, खेळतात, मोटारीतून फिरतात. त्यांच्या प्रसन्न वावराने मराठी कादंबरीत मोकळी हवा आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचे फिरणे हे नायकाच्या दृष्टीसमोरचे फिरणे आहे. पुढील प्रकरणात प्रेम फुलावयाचे असते, म्हणून आधीच्या प्रकरणात सहल निघते. १९३३ साली विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडमारा प्रथमच तिच्या बाजूने सांगितला. त्या पुस्तकाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि संग्रहाचे नावच सुचवते त्याप्रमाणे तेथील प्रधान सूर निःश्वासाचा आहे. हसण्याची पाळी अद्याप यावयाची होती.

याच प्रकारातील सर्वांत अस्वस्थ करणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकर यांचे, १९६७ साली रंगभूमीवर आलेले, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. त्या नाटकाची चर्चा सामान्यतः मध्यमवर्गाच्या क्रौर्याच्या अंगाने होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्या आरंभाकडे लक्ष वेधावेसे वाटते. लीला बेणारे ही शिक्षिका नाटकमंडळींबरोबर एका गावी प्रयोगासाठी आलेली आहे. शाळेच्या घंटेतून सुटका झालेली, बडबडणारी, गुणगुणणारी, थट्टा करणारी बेणारे आपल्याला प्रथम दिसते. तिच्यापुरती ही एक सहलच आहे. वेळ घालवण्यासाठी खेळ म्हणून अभिरूप न्यायालय मांडले जाते आणि त्या सहलीचाच खटला होतो. साक्षीपुरावा कशाचा? ती संध्याकाळी कोणाच्या खोलीत दिसली. तिने कोणाला उडप्याच्या उपाहारगृहात भेटायला बोलावले आणि ती दोघे फॅमिली रूममध्ये बसली. महानगरातील तरुण स्त्रीच्या साध्या हालचाली साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सांगितल्या की गुन्ह्यासारख्या ऐकू येतात, हे तेंडुलकरांनी दाखवले. ‘तारीख’ या शब्दाचे मराठीतील न्यायालयीन नाते येथे विलक्षण अर्थाने खरे ठरते.

हिंदीतील एका कथेची येथे तुलना करता येईल. मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’मधील दीपा कानपुरात राहते आणि मुलाखतीसाठी कलकत्त्यास जाते, तेथे तिला पूर्वीचा प्रियकर निशीथ भेटतो. १९७४ च्या ‘रजनीगंधा’ या चित्रपटात ही शहरे दिल्ली आणि मुंबई झाली. दोन पुरुषांमध्ये दोलायमान झालेल्या मनाची ही कथा म्हणून तिची कीर्ती आहे. परंतु त्या मोठ्या शहरातील काही दिवस दीपाला जे लाभतात, ते मुलाखत नावाच्या सबळ कारणामुळे, हेही पाहण्याजोगे आहे. परक्या शहराने तिला क्षणभर स्वतःकडे पाहू दिले. लेखिकेने तिला शेवटी दोषी ठरवले नाही, हा या कथेचा फार मोठा गुण होय.

दुसरा प्रकार मैत्रिणींचा. जुन्या काव्यात नायिकेची सखी असे. ती निरोप पोचवी, वाट राखी, पण स्वतः कथेच्या बाहेरच राही. आजही सखीचे ते काम संपलेले नाही. अनोळखी तरुणाला प्रथम भेटण्यास निघालेली मुलगी आपण कोठे आहोत, हे मैत्रिणीला भ्रमणध्वनीवरून सतत कळेल अशी तजवीज करते. दूतीची जागा रक्षकाने घेतली, एवढेच. तथापि मैत्री हीच कथा असू शकते, हे मराठीने उशिरा ओळखले. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) या कादंबरीत मुंबईतील नोकरदार रीटाचे एका विवाहित पुरुषाशी असलेले नाते आहे. परंतु ती कोलमडते तेव्हा तिला सावरण्यात सरस्वती या मैत्रिणीचा वाटा किती मोठा आहे, हे वाचकाच्या अधिक लक्षात राहते. २०२१ च्या ‘झिम्मा’ या मराठी चित्रपटाने निरनिराळ्या वयांच्या स्त्रियांना सहलीला इंग्लंडात नेले आणि नाव मात्र अंगणातल्या खेळाचे घेतले. ही निवड मार्मिक आहे: पंचांगातील आनंद पंचांगाबाहेर आला, पण त्याचा जुना ताल सुटला नाही.

तिसरा प्रकार एकटीचा, आणि येथेच वाङ्मयाची तूट सर्वांत जाणवते. एकटे, निर्हेतुक हिंडणे हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो, हे मराठीला माहीत नव्हते असे नाही. १९२५ नंतरच्या दशकात फडके, खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी जो लघुनिबंध रुजवला, त्याचा प्राणच मुळी सहजपणा होता. काणेकरांची ‘पिकली पाने’ १९३४ ची. रस्त्याने जाताना दिसलेली एखादी क्षुल्लक वस्तू, खिशातले सुटे पैसे, चुकलेली गाडी, एवढ्या भांडवलावर हा प्रकार उभा राहिला. परंतु असे रमतगमत हिंडणारा ‘मी’ हा प्रामुख्याने पुरुष होता, आणि याची नोंद लघुनिबंधाच्या चर्चेत क्वचितच झाली. निवांतपणा हा त्या वाङ्मयप्रकाराचा गुण म्हणून वर्णिला गेला. तो निवांतपणा कोणाला परवडत होता, हे विचारले गेले नाही.

या पार्श्वभूमीवर इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख पुन्हा वाचावा. त्याच नावाचा संग्रह १९४९ चा. एका समारंभात लेखिकेची ओळख थोरांची सून, पत्नी अशा नात्यांनी करून दिली जाते आणि तिला काहीतरी उणे वाटत राहते. नंतर रस्त्याने जात असता शाळेतील मुले ती आपल्या वर्गातील मुलाची आई, असे एकमेकांना सांगतात, आणि ती उणीव भरून निघते. लेखाचा विनोद सूक्ष्म आहे, आणि तो आत्मविडंबनाकडे झुकणारा आहे. परंतु रस्त्यावर चालणारी, स्वतः मोठी विदुषी असलेली ही स्त्री शेवटी कोणाची तरी कोणीतरी म्हणूनच ओळखली जाते, हे सत्य त्या विनोदाखाली स्पष्ट दिसते. नात्याशिवाय रस्त्यावर असणारी स्त्री त्या काळच्या गद्यात येणे किती कठीण होते, याचा हा उत्तम पुरावा होय. पुढे गौरी देशपांडे यांच्या नायिका देशोदेशी हिंडल्या, मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’ने (२००५) एकट्या स्त्रीच्या इच्छांचा उच्चार निःसंकोचपणे केला. या लेखिकांनी दार उघडले, यात शंका नाही. तरीही त्यांच्या नायिकांचे हिंडणे बहुधा एखाद्या मोठ्या नात्याच्या निकालाशी जोडलेले असते. कोपऱ्यावरच्या भेळवाल्यापाशी एकटीने उभे राहून, तिखट अधिक मागून, भेळ खाणारी मुलगी, आणि त्या भेळेतून पुढे काहीही न घडणे, हे अद्याप दुर्मिळच आहे.

६

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मोलाचा आहे. ही सारी चर्चा पगारदार, सुशिक्षित तरुणीची झाली; मासळीची पाटी घेऊन पहाटे निघणाऱ्या कोळिणीला किंवा घरकामासाठी चार घरे फिरणाऱ्या बाईला रस्ता कधीच बंद नव्हता. हे खरे आहे. तिला कारणाची वाण कधीच नव्हती. तिच्याजवळ कारणाखेरीज दुसरे काही उरू दिले गेले नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाच्या आरंभी डोक्यावर ओझे घेऊन अवघड डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजारास जाणाऱ्या गावातल्या बाया येतात. ती वाट कष्टाची आहे, आणि तरीही त्या वाटेवर थट्टा आहे, हसणे आहे, एकमेकींना दिलेला आधार आहे. कारणाच्या ओझ्याखालून काढून घेतलेली ही मौज मराठी गद्यातील फार मौल्यवान नोंद होय. मुंबईच्या राखीव डब्यातील हसणे आणि त्या डोंगरवाटेवरील हसणे यांचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी वेळ कामाचा आहे आणि आनंद चोरून घेतलेला आहे. म्हणून या आक्षेपाने मूळ प्रतिपादन खोटे पडत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. निरुद्देश वेळ हा वर्गाने, जातीने आणि लिंगाने वाटून दिलेला आहे, आणि ज्यांच्या वाट्याला तो सर्वांत कमी आला, त्यांच्या मौजेचे वाङ्मय सर्वांत कमी आहे.

समीक्षकांनी याबाबतीत स्वतःकडेही पाहावयास हवे. एखाद्या नवोदित लेखिकेच्या कथेत दोन मैत्रिणी चौपाटीवर जातात, गप्पा मारतात आणि शेवटच्या गाडीने घरी येतात. तर आपण विचारतो, ‘या कथेतून काय निष्पन्न झाले?’ हा प्रश्न कलेचा म्हणून आपण विचारतो खरे, पण त्याचा सूर उंबरठ्यावरच्या ‘कशाला?’ या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. जो निकष आपण लघुनिबंधातील हिंडत्या पुरुषाला लावला नाही, तो या दोन मैत्रिणींना लावण्यास आधार कोणता? प्रत्येक निर्हेतुक संध्याकाळ ही चांगली कथा होते, असे मुळीच नाही. तिचे वर्णन बारकाव्याने, भाषेच्या शुद्ध जाणिवेने झाले पाहिजे, ही अट कायम आहे. फक्त तिने पतनाची, प्रेमाची किंवा मुक्तीची पावती सोबत आणली पाहिजे, ही अट काढून टाकावी.

डेट, सहल, खरेदी, भेळ, चित्रपट, समुद्र या गोष्टी क्षुल्लक आहेत, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. क्षुल्लक गोष्टींसाठी वेळ असणे आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा न लागणे, ही मात्र क्षुल्लक गोष्ट नाही. निघताना ‘येते’ म्हणणारी मुलगी परत येणारच असते. मधल्या वेळात ती कोठे होती, हे तिने सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु तिने होऊन ते लिहिले, तर ते वाचण्यासाठी लागणारी स्वस्थता आपल्याजवळ असली पाहिजे.